मोकळ्या जलरंगात धबधबा: पाण्याला हात कमी लावा, खडकाला जास्त

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोटो समोर ठेवून जलरंगात धबधबा करता, हात मोकळा ठेवायचा प्रयत्न करता, पण पाणी एकतर वाळत घातलेल्या चादरीसारखं सपाट दिसतं किंवा निळ्या-राखाडी रेघा मारता मारता मळून जातं. मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राहावा म्हणून आधी लावायचा आणि नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) लावून पाहिलं तर कडा फार धारदार आल्या. शेवटी पांढरा गुवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, लावला, तर पाणी निस्तेज झालं. नेमकं कुठं चुकतंय?

माझ्या मते साहित्यात फारसं काही चुकत नाहीये. तुमचा सगळा वेळ पाण्यावर जातोय, ही अडचण आहे. जलरंगातला धबधबा म्हणजे बहुतांशी न रंगवलेला कागद. तो पाणी म्हणून वाचला जातो ते भोवतालच्या खडकामुळे, आणि त्याहून जास्त त्या दोघांमधल्या कडांमुळे. कुठली कड धारदार, कुठली तुटक, कुठली पूर्ण विरलेली, एवढं आधी ठरलं की बाकीच्या ठिकाणी ब्रश वाटेल तसा फिरला तरी चालतो. हे ठरलेलं नसतं तेव्हा प्रत्येक ठिकाणी हात चाचपडतो, आणि चाचपडणारा हात रंग मळवतो.

आधी फोटोबद्दल. धबधब्याचे बरेच फोटो शटर मुद्दाम जास्त वेळ उघडं ठेवून काढलेले असतात. अर्धा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ शटर उघडं राहिलं की पाणी रेशमी, धुरकट आणि एकसंध होतं. आपल्या डोळ्याला पाणी तसं दिसत नाही. असा फोटो समोर ठेवला की चादरच येणार, कारण फोटोतच चादर आहे. वेगवान शटरने काढलेला फोटो घ्या, किंवा व्हिडिओ लावून पाच-सहा ठिकाणी थांबवून बघा. पाण्यात पुंजके आहेत, भोकं आहेत, मधूनच काळा खडक डोकावतोय, हे तिथं कळतं. प्रत्यक्ष धबधब्यासमोर बसायला मिळालं तर त्याहून उत्तम. तेव्हा आधी थोडा वेळ नुसतं बघा. एखादा पुंजका कड्यावरून सुटल्यापासून खालपर्यंत नजरेने धरून ठेवायचा प्रयत्न करा. नजर पाण्याच्या वेगाने खाली आली की क्षणभर ते थांबल्यासारखं दिसतं आणि त्याचा आकार कळतो.

आता पाणी पांढरं का दिसतं ते जरा समजून घेऊ, कारण ब्रश कुठं ठेवायचा हे त्यावरून ठरतं. स्वच्छ पाण्याला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. कोसळताना त्यात हवा मिसळते, थेंब आणि बुडबुडे होतात, आणि त्या असंख्य पृष्ठभागांवरून प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो. म्हणून ते पांढरं दिसतं. म्हणजे जिथं अजून हवा मिसळलेली नाही तिथं पाणी पांढरं नाही. कड्याच्या ओठावर, जिथं प्रवाह वळून खाली झेपावतो, तिथं ते पारदर्शक असतं आणि त्यातून खालच्या खडकाचा हिरवट-तपकिरी रंग दिसतो. बहुतेकजण धबधबा वरच्या काठापासूनच कोरा पांढरा सोडतात आणि तिथंच तो सपाट होतो. ओठावर थोडा रंग हवाच. आणि तिथल्या फटकाऱ्याला वळण हवं: ब्रश आधी जवळजवळ आडवा येतो आणि मग एका झटक्यात खाली वळतो. वळताना दाब कमी करा, म्हणजे ब्रश कागदावरून सुटत जातो आणि रंग आपोआप तुटतो. ते एक वळण नीट जमलं तर पाण्याला वजन येतं. खाली मग फार काही करावं लागत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. पडणारं पाणी खाली येताना वेग घेतं. हवेचा अडथळा सोडून दिला तर पहिल्या सेकंदात ते साधारण ५ मीटर खाली येतं आणि दुसऱ्या सेकंदाअखेर साधारण २० मीटर. वरचं पाणी दाट आणि एकत्र असतं, खाली येता येता ते ताणतं, फाटतं, त्याचे पुंजके सुटे होतात. उंच धबधब्यात तर बरंचसं पाणी तळाशी पोचेपर्यंत तुषारच झालेलं असतं. चित्रात याचा अर्थ असा की वरच्या खुणा आखूड आणि जवळजवळ, खालच्या लांब आणि विरळ. वरपासून खालपर्यंत सारख्या लांबीच्या समांतर रेघा आल्या की पाणी थांबलंच म्हणून समजा. आणखी एक बारकावा: सुट्या पुंजक्याची खालची कड बहुधा स्पष्ट असते आणि वरची बाजू मागे रेंगाळत विरलेली असते. म्हणून सावलीचा ठिपका पुंजक्याच्या खाली ठेवायचा आणि ओलसर ब्रशने त्याची खालची बाजू मऊ करायची. असे चार-पाच ठिपके पुरतात. वीस झाले की पुन्हा रेघांचं जाळं.

होकुसाई या जपानी चित्रकाराने १८३३ च्या सुमारास जपानमधल्या धबधब्यांची ८ छापचित्रांची मालिका केली. ते लाकडी ठशांचं काम, मोकळ्या जलरंगाशी त्याचा थेट संबंध नाही, तरी ती चित्रं जरूर बघा. प्रत्येक धबधब्यात पाण्याचा आकार वेगळा आहे. कुठं ते सरळ पट्ट्यांत उतरतं, कुठं खडकावर फुटून शिरांसारखं पसरतं. ‘धबधबा’ नावाचं एकच ठरीव पाणी त्याने सगळीकडे चिकटवलेलं नाही. तुमच्या समोरचं पाणी नेमकं कसं पडतंय, हे पेन्सिल हातात घेण्याआधी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘वर एकत्र, मध्ये एका दगडावर फुटून दोन फाटे, डावा फाटा जाड’ एवढं सांगता आलं तर चित्र निम्मं झालं.

छटांचं, म्हणजे कुठं किती उजळ आणि कुठं किती गडद याचं गणित सर्वात महत्त्वाचं, आणि गडबडही इथंच सर्वात जास्त होते. पाणी पांढरं आहे हे डोक्यात इतकं पक्कं असतं की सावलीतलं पाणीही आपण कोरं सोडतो. एका जाड राखाडी कागदाला छोटं भोक पाडा, त्यातून धबधब्याचे वेगवेगळे भाग बघा आणि शेजारी कोरा पांढरा कागद धरा. बराचसा धबधबा मधल्या राखाडीत असतो, खरा पांढरा अगदी थोडा. वर उजळ आकाश दिसत असेल तर ते पुष्कळदा पाण्यापेक्षाही उजळ निघतं. मग पूर्ण पाण्यावर अतिशय फिकी राखाडी-निळी छटा देऊन फक्त उन्हातला भाग कोरा ठेवायचा, तो एकदम झळकतो. उलट खडक तुम्हाला वाटतो त्यापेक्षा गडद असतो. ओला दगड कोरड्या दगडापेक्षा गडद आणि रंगाने गहिरा दिसतो, आणि धबधब्याशेजारचा दगड तर कायम ओलाच. जलरंग वाळल्यावर बराच फिका पडतो हेही धरा. खडकाचा गडद लावताना ‘जरा जास्तच झालं’ असं वाटलं पाहिजे. तसं वाटलं नाही तर वाळल्यावर तो कमी पडणार, तुम्ही दुसरा थर द्यायला जाणार आणि पहिल्या थरातला ताजेपणा जाणार.

यासाठी हाताच्या पंजाएवढं छोटं रेखाटन करा, फक्त तीन छटांत: कोरा, मधला, गडद. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मोकळी शैली आवडणारे नेमकं तेच टाळतात. माझं मत उलट आहे. ज्याला चित्र मोकळं करायचंय त्याला हे रेखाटन जास्त लागतं, कारण ओल्या कागदावर विचार करायला वेळ मिळत नाही. त्या रेखाटनातच कडा ठरवून टाका. माझी नेहमीची वाटणी अशी: ओठाचा काही भाग धारदार, एका बाजूची कड गडद खडकाला लागून बऱ्यापैकी स्पष्ट, दुसऱ्या बाजूची तुटक, आणि तळाला कड जवळजवळ नाहीच. दोन्ही बाजूंच्या कडा सारख्याच धारदार आल्या की पट्टा तयार होतो, मग आत कितीही सुंदर पाणी काढा.

साहित्याबद्दल थोडंच. कागद शंभर टक्के कॉटनचा, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) आणि खडबडीत पोताचा घ्या. धबधब्यासाठी खडबडीत पोत खरंच अर्धं काम करतो, कारण ब्रश आडवा ओढला की रंग उंचवट्यांवर बसतो, खाचा कोऱ्या राहतात आणि तुषार मोफत मिळतात. गुळगुळीत कागदावर हे होत नाही. ब्रश मोठा गोल, १२ किंवा १४ नंबरचा, पण टोक नीट येणारा. एक इंचभर रुंदीचा चपटा, आणि एक जुना, केस फिसकटलेला ब्रश, जो तुम्ही टाकून देणार होता. बारीक रिगर ब्रश पेटीतच राहू द्या, त्याची फांद्यांना गरज असते, पाण्याला नाही.

रंगांत अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) या जोडीवर निम्मं चित्र निघतं. अल्ट्रामरीन जास्त तर थंड सावली, सिएना जास्त तर उबदार दगड, दोन्ही घट्ट तर जवळजवळ काळा. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खाचांत बसतात, त्यामुळे दगडाला पोत आपोआप येतो. सोबत कोबाल्ट ब्लू, यलो ऑकर आणि मिसळायला एखादा स्वच्छ पिवळा. फ्थॅलो ब्लू आणि फ्थॅलो ग्रीन जपून वापरा. दोन्ही कागद पक्के रंगवतात, नंतर उचलायला गेलात तर डाग राहतो. ज्या भागात धुकं उचलायचंय तिथं कोबाल्ट आणि अल्ट्रामरीन बरे. ट्यूबमधला काळा मी तरी धबधब्यात घेत नाही, तो वाळून मेल्यासारखा दिसतो.

आता प्रत्यक्ष काम. बोर्ड दहा-पंधरा अंश उचललेला ठेवा, म्हणजे रंगही पाण्याच्याच दिशेने वाहतो. पेन्सिलीने ओठाची रेघ, मोठ्या दगडांचे कोन आणि तळाच्या डोहाची पातळी एवढंच काढा. पडत्या पाण्यात पेन्सिल नको. तिथं रेघ दिसली की हात तिच्यामागे जातो.

मागचं आकाश, झाडी किंवा लांबचा डोंगर यासाठी कागद ओला करा, धबधब्याचा वरचा दोन-तृतीयांश भाग मात्र कोरडा ठेवा. तळाला, जिथं धुकं आहे, तिथं पाणी थेट धबधब्याच्या पायथ्यातून आरपार फिरवा. मग रंग सोडा: वर गडद झाडी आणि खाली येता येता फिकी होत ओल्या भागात विरघळलेली. धुकं असंच होतं, आधीच्या ओलाव्यातून. नंतर स्पंजने घासून काढलेलं धुकं ओळखू येतं.

इथं कागदाचा ओलावा वाचता आला पाहिजे, आणि माझ्या मते मोकळ्या जलरंगातलं खरं कौशल्य हेच आहे. कागद तिरप्या नजरेने उजेडाकडे धरून बघा. पाणी साचून चकाकत असेल तर रंग कुठंही पळेल, थांबा. एकसारखी चमक असेल तर रंग पसरेल पण आकार राखेल, झाडीचे मोठे गडद आता टाका. चमक मावळून नुसती मंद झाक उरली की रंग जेमतेम मऊ कडेने बसतो. दगडांचे पहिले गडद तळाच्या धुक्यात बुडवायला ही वेळ योग्य, फक्त ब्रशमधला रंग घट्ट हवा. या टप्प्यावर कागदापेक्षा ओला ब्रश टेकवलात की पाणी बाहेर ढकललं जातं आणि कंगोरेदार डाग पडतो. तुमच्या ‘मळलेल्या’ पाण्यातलं निम्मं प्रकरण बहुधा हेच असावं: अर्धवट वाळलेल्या भागात पुन्हा पातळ रंग घेऊन दुरुस्ती. झाक पूर्ण गेली पण उलट्या हाताला कागद थंड लागतोय, तर काहीच करू नका. पूर्ण वाळू द्या.

वाळल्यावर खडक. घट्ट रंग भरपूर भरून घ्या, ब्रश मुठीत न धरता दांड्याच्या टोकाकडे धरा आणि शक्य असेल तर उभ्याने काम करा, म्हणजे खांद्यातून फटकारा येतो. स्पष्ट ठेवायच्या बाजूला खडकाचा गडद थेट पाण्याच्या कडेला भिडवा, ब्रशच्या टोकाने कोनदार कड काढत. तुटक बाजूला ब्रश आडवा पाडून खडकाकडून पाण्याकडे झटकन ओढा. त्याचा कोरडा पोत पाण्यात शिरेल, आणि शिंतोडे उडतायत असं दिसेल. मध्येमध्ये एकाच दगडात रंग बदला: वर उबदार, खाली थंड, ओल्यातच एकमेकांत मिसळू द्या. दोन रंग पॅलेटवर घोटून एकजीव केले की दगड मेला. ते कागदावर भेटू द्यावेत.

दगडाचे उजळ पृष्ठ काढायला जुनं प्लास्टिकचं कार्ड घ्या आणि रंगाची चमक मंद झाली की त्याच्या कडेने एकदा दाबून ओढा. रंग बाजूला सरतो, खालचा उजळ कागद दिसतो, दगडाला कापलेला कोन येतो. वेळ मात्र अचूक हवी. रंग फार ओला असेल तर तो चरलेल्या जागेत परत वाहतो आणि उजेडाऐवजी गडद रेघ मिळते. दोन-तीन दगडांवर पुरे. सगळ्या दगडांवर केलं की ती युक्ती दिसते, दगड दिसत नाही.

पाण्याची पाळी सर्वात शेवटी. अल्ट्रामरीनमध्ये किंचित सिएना घालून फिका राखाडी बनवा. ब्रश टिश्यूवर टेकवून अर्धा कोरडा करा. ओठावरचं वळण, मधल्या कपारीखालची सावली, फुटलेल्या पुंजक्यांखालचे ते चार-पाच ठिपके, बस्स. फिसकटलेला ब्रश इथं कामाचा, कारण त्याचे केस आपोआप असमान रेघा देतात. पाणी कपारीवर आपटून बाहेर उडत असेल तर दिशाही बदला. तिथं फटकारा आधी बाहेर आणि मग खाली. पाण्यातून डोकावणारे एक-दोन गडद दगड टाका, पण मध्यभागी नको आणि सारख्या अंतरावर तर नकोच. जोराच्या पावसानंतरचा धबधबा असेल तर सावलीत निळ्याऐवजी ऑकर येऊ द्या. गढूळ पाणी निळं दाखवलं की खोटं वाटतं.

मास्किंग फ्लुइड वाईट नाही, पण संपूर्ण धबधबा त्याने झाकला की सगळ्या कडा एकाच जातीच्या येतात, आणि वर म्हटलं तसं धबधबा कडांच्या फरकावर चालतो. डोहातल्या फेसाचे चार ठिपके, गडद खडकासमोर उडालेले थेंब, एवढ्यापुरतं ते ठीक आहे. ब्रश आधी साबणात बुडवून घ्या, कागद पूर्ण कोरडा असताना लावा, आणि उन्हात किंवा ड्रायरखाली तापवू नका, नाहीतर काढताना कागदाचा थर सोलून येतो.

गुवाशचंही तसंच. कोऱ्या कागदातून प्रकाश परत येतो, गुवाश वरच बसतो. म्हणून कोऱ्या पाण्यावर लावलेला गुवाश त्या पाण्याला उजळ करत नाही, उलट शेजारी मंद दिसतो. त्याची जागा फक्त गडदावर: काळ्या कपारीसमोरची एक बारीक धार, ब्रश बोटावर आपटून उडवलेले काही तुषार. पातळ करून पसरवू नका, घट्ट लावा आणि सोडून द्या. त्यापेक्षा मला खरडणं आवडतं. इंग्लिश चित्रकार टर्नर हेच करत असे. १८०४ मध्ये त्याने स्वित्झर्लंडमधल्या रायखनबाख धबधब्याचं मोठं जलरंगचित्र केलं, आणि रंग खरडून, पुसून कागदाचा पांढरा परत मिळवणं हा त्याच्या जलरंगातल्या कामाचा भागच होता. पूर्ण वाळलेल्या चित्रावर ब्लेडची कड आडवी धरून हलकेच ओढली की खडबडीत कागदाच्या उंचवट्यांवरचा रंग निघतो आणि उडणारं पाणी मिळतं. त्या जागेवर नंतर रंग देऊ नका, खरवडलेला कागद रंग डागासारखा शोषतो.

डोहाकडे फार लक्ष देऊ नका. खडकाचे गडद आडव्या फटकाऱ्यांनी खाली उतरवा आणि धबधब्याच्या पायथ्याशी विरघळू द्या. वर इतक्या उभ्या हालचाली असल्यावर खाली दोन-तीन आडव्या खुणा चित्र बसवायला लागतातच.

सराव म्हणून एक करा. मोठ्या कागदावर टेप लावून सहा छोट्या चौकटी पाडा आणि प्रत्येकीत फक्त भोवतालचा खडक रंगवा. पाण्याला ब्रश लावायचाच नाही, एकही ठिपका नाही. कडा मात्र प्रत्येक चौकटीत वेगळ्या ठरवायच्या. चार पावलांवरून बघा. ज्या चौकटीत पाणी पडताना दिसतंय तिथं कुठली कड धारदार आणि कुठली विरलेली आहे ते शेजारी लिहून ठेवा, आणि मोठं चित्र त्यावरून करा.

आधीचं मळलेलं चित्र फेकू नका. कॉटनचा ३०० जीएसएम कागद असेल तर तो गार पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवून मऊ ब्रशने हलक्या हाताने धुवा, सपाट ठेवून वाळवा. अल्ट्रामरीन, कोबाल्ट बरेच निघून जातील, एक फिकी सावली राहील, आणि तिच्यावर खडकांचे गडद नव्याने ठेवले तर धुक्यातला धबधबा मिळू शकतो. त्यात फ्थॅलो वापरला असेल तर एवढं निघणार नाही. मग कागद उलटा करा आणि वरच्या सहा चौकटी मागच्या बाजूला पाडा.